निरिच्छ न्यायमूर्ती पाहिजे

"न्यायाधीशाला काही नको असतं. लक्षात ठेवा. काही म्हणजे काही नको असतं."

हा आवाज धाकटीने ऐकला तेव्हा ती नुकतीच न्यायखात्यात लागली होती. प्रशिक्षणवर्गाच्या शेवटच्या दिवशी एक वयोवृद्ध निवृत्त न्यायमूर्ती चार शब्द सांगायला आले होते. आवाज असा, की पंख्याच्या घरघरीनेही अदबीने हळू व्हावं. पहिल्या बाकावर बसलेल्या धाकटीच्या अंगावर काटा आला. (व्याख्यानानंतर वक्त्यांनी मानधन घेतलं, जाण्यायेण्याचं भाडं घेतलं आणि बशीतली उरलेली बिस्किटं नातवासाठी कागदात बांधून घेतली. पण त्याने सिद्धान्ताला बाध येत नाही. वक्ते निवृत्त होते.)

समाजाची सगळी व्यवस्था या एका गृहीतावर उभी आहे. डॉक्टर आजारी पडू शकतो, स्वयंपाकी उपाशी झोपू शकतो, पण न्यायाधीशाला इच्छा होऊ शकत नाही. त्याला घर लागतं, ते सरकार देतं. गाडी लागते, ती सरकार देतं. म्हातारपण येतं, तेसुद्धा सरकारी आदेशाने, ठरलेल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी, कचेरीची वेळ संपताना येतं. पुढे मरेपर्यंत पेन्शन. एवढं सगळं मिळाल्यावर काही नको असणं फारसं जड जात नसावं, असं काही कुत्सित लोक म्हणतात. अशा लोकांना न्यायालयाच्या अवमानाचा कायदा माहीत नसतो.

धाकटी मात्र तो आवाज उराशी धरून जगली. घरी ती धाकटी, कोर्टात न्यायमूर्ती. पण काही नको म्हणण्याची तिची सवय दोन्हीकडे सारखीच. तिने बदलीला नको म्हटलं नाही, बढती हवी म्हटलं नाही. तिच्या दालनातली खुर्ची एका बाजूला कलायची, तर तीही तशीच कलून बसायला शिकली. सहकारी तिला मागून 'साध्वी' म्हणत आणि आपल्या वाटणीची किचकट प्रकरणं आदरपूर्वक तिच्याकडे पाठवत. लग्नाचं राहून गेलं. सरकारी बंगल्यात ती आणि थोरली ताई, दोघीच.

धाकटीच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना विधिमंडळाने एक कायदा केला. न्यायमूर्ती आपल्या पेन्शनीपोटी पगारातले शंभराला दोन भरत, त्यांनी आता नऊ भरावेत. आणि पेन्शन पाऊण पगाराऐवजी अर्ध्या पगाराची मिळावी. कारण असं दिलं होतं की निवृत्त न्यायमूर्ती फार जगतात. सरकारी आकडेतज्ज्ञाच्या अहवालाप्रमाणे निवृत्त न्यायमूर्ती सामान्य नागरिकापेक्षा अकरा वर्षं जास्त टिकतो. (नोकरीभर समोर येईल त्याला पुढची तारीख देण्याचा सराव असतो, यमालाही बहुधा तीच मिळत असावी.) खजिन्याला हे परवडत नव्हतं. न्यायमूर्तींनी जरा आटोपतं घ्यावं, अशी सूचना अहवालात कुठेही नव्हती. परिच्छेद चौदा वाचताना तसा नुसता भास होत असे.

ज्यांना काही नको असतं अशा सर्व एकोणचाळीस न्यायमूर्तींच्या संघाने या कायद्याविरुद्ध तातडीने याचिका केली. आपल्याच न्यायालयात केली, कारण न्यायावर त्यांचा विश्वास होता.

आता, न्यायालयाची एक सुंदर प्रथा आहे. एखाद्या प्रकरणात न्यायमूर्तींचं स्वतःचं काही गुंतलेलं असलं, की ते फाइलीवर 'माझ्यासमोर नको' असे दोन शब्द लिहितात आणि फाइल दुसऱ्या दालनात जाते. कारण द्यावं लागत नाही. ही फाइल पहिल्या दालनात गेली. माझ्यासमोर नको. दुसऱ्या दालनात गेली. माझ्यासमोर नको. ज्या इमारतीत भाडेकरूचा दावा आजोबा लावतात आणि नातू निकाल ऐकतो, त्या इमारतीत ही फाइल नऊ दिवसांत अडतीस दालनं फिरून आली. ढकलगाडीच्या चाकांना त्यासाठी खास तेल घातलं गेलं. एका न्यायमूर्तींनी लिहिलं, 'माझ्यासमोर नको, परंतु कुणासमोर तरी लवकर व्हावे.' दुसऱ्यांनी लिहिलं, 'माझ्यासमोर नको. तथापि नवीन दराने कपात पुढील महिन्यापासून आहे, ही बाब नजरेआड करू नये.' आणि प्रत्येक वाक्याला 'तूर्तास' जोडणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींनी, ज्यांना सगळी इमारत तूर्तास साहेब म्हणत असे, त्यांनी 'तूर्तास माझ्यासमोर नको' असं लिहून भविष्याची एक फट उघडी ठेवली.

सगळेच गुंतलेले असतील तर कुणीही एकाने ऐकावं, असा एक जुना नियमही आहे. पण वर्तमानपत्रं काय म्हणतील, या कायदेशीर मुद्द्यावर तो बाजूला ठेवण्यात आला.

मग, फाइल उरलेल्या एका, म्हणजे धाकटीच्या दालनाकडे वळण्याआधीच समिती नेमली. निरिच्छ न्यायमूर्ती शोधण्यासाठी तिने एक प्रश्नावली काढली. पती अथवा पत्नी आहे काय? असल्यास प्रकृती कशी आहे? मुलं आहेत काय? ती सांभाळणार आहेत, की तसं फक्त म्हणतात? निवृत्तीनंतर जगण्याचा विचार आहे काय? असल्यास साधारण किती?

अडतीस उत्तरपत्रिका हितसंबंधांनी ओथंबून आल्या. एकोणचाळिसावी धाकटीची. नवरा नाही, मूल नाही, आईवडील नाहीत. शेवटच्या प्रश्नापुढे तिने 'सांगता येत नाही' असं लिहिलं होतं, ते समितीला फार भावलं. आश्रित म्हणून थोरल्या बहिणीचा उल्लेख होता. पण पेन्शनच्या नियमांत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लेकरं. बहीण त्यात नसते. ती फक्त घरात असते.

सर्व न्यायमूर्तींची बैठक बोलावली गेली. लांब टेबल, पाण्याचे झाकलेले पेले, भिंतीवर दिवंगतांच्या तसबिरी (सगळे दीर्घायुषी).

"मॅडम, अभिनंदन," मुख्य न्यायमूर्ती म्हणाले. "आपल्यात तुम्हीच एक अशा आहात की ज्यांचं जवळजवळ काहीच गुंतलेलं नाही."

"जवळजवळ?" धाकटीने विचारलं.

"म्हणजे, तुमची स्वतःची पेन्शन तेवढी राहते. तेवढी तुम्ही लेखी सोडलीत की झालं. मग तुम्ही पूर्ण निःपक्ष. शुक्रवारी ऐका, शुक्रवारीच निकाल द्या. काय द्यायचा हे अर्थातच आम्ही सांगणार नाही." त्यांनी कागदांचा एक गठ्ठा पुढे सरकवला. "कायदा रद्द करण्याला सोळा मुद्दे आहेत. टाइप करून ठेवलेत."

"आणि नाही सोडली तर?"

"तर प्रकरण ऐकायला कुणीच नाही. कायदा कायम. अडतीस संसार, मॅडम. अडतीस!"

"तुम्हाला काय, एकटा जीव," तूर्तास साहेब मायेने म्हणाले. "तूर्तास खर्च तो कितीसा?"

"दोघी आहोत आम्ही. ताई आहे."

"त्या शिवतात ना अजून? माझा कोट त्यांच्याच हातचा."

"शिवते. हौस आहे तिला पहिल्यापासून."

"मग प्रश्नच मिटला! हौस असलेल्या माणसाला पेन्शन कशाला?"

सगळ्यांच्या माना डोलल्या. टेबलाभोवती अडतीस प्रसन्न चेहरे होते आणि धाकटीच्या कानात तो जुना आवाज. तिने हातातला पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "बरं."

लगेच अभिनंदनाचा ठराव झाला. तिचं तैलचित्र लावावं अशी सूचना आली. खर्चाचा विषय निघताच ती 'तूर्तास' छायाचित्रावर आली.

बंगल्यावर सामान बांधायला काढलं होतं. महिनाअखेरीला जागा सोडायची. चष्मेवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने ठरल्या होत्या. घरमालकाला दिलेला शब्द पेन्शनीच्या भरवशावर होता, आणि ताईच्या डोळ्याचं ऑपरेशनही. मागच्या खोलीत ताईचं मशीन चालू होतं. बाप गेला तेव्हा ताई आठवीत होती. ती शाळेतून उठली ती या मशीनवर बसली. वकिलांचे काळे झगे, काळे कोट. काळ्यावर काळी टीप, काळ्यावर काळी टीप, आणि त्या काळ्या धाग्यातून धाकटीची फी निघाली, पुस्तकं निघाली, पहिला झगासुद्धा निघाला. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं तर ताई म्हणायची, "मापं घेऊन बघितली. एकही बसेना."

"काय म्हणाले तुझे ते काही-नको-वाले?" ताईने मान वर न करता विचारलं.

"पेन्शन सोडा म्हणाले."

मशीन थांबलं. "कुणाची?"

"माझी."

"आणि ती कशासाठी?"

"त्यांची वाचावी म्हणून."

ताईने दोरा दातांनी तोडला. "हुशार आहेत गं. उगाच नाही न्यायाधीश झाले. आणि तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले."

"तू लहानपणापासून तशीच. लोकांकडे जेवायला गेलं आणि आणखी वाढू का विचारलं, की मान 'नको' म्हणायची आणि डोळे पातेल्यात."

"न्यायाधीशाला काही नको असतं, ताई."

"असं? मग दर दोन वर्षांनी कोटाच्या कमरेची शिवण उसवून घ्यायला येतात ते कोण? त्यांचे भाऊ?"

धाकटी हसली. ताई हसली नाही. तिने कापड उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले, आणि सुईच्या नाकाशी दोरा नेला. एकदा नेला, दोनदा नेला, तिसऱ्यांदा धाकटीने तिच्या हातातून सुई घेतली आणि ओवून दिली. त्या रात्री धाकटीने सोळा मुद्दे वाचायला घेतले आणि एकाच मुद्द्यावर बराच वेळ बसून राहिली. तो मुद्दा त्या कागदांत नव्हता.

शुक्रवारी न्यायदालन भरलं. वकील होते, वार्ताहर होते, आणि अडतीस न्यायमूर्ती आपापल्या दालनात दार किलकिलं ठेवून बसले होते. (त्या सकाळी इतर सर्व प्रकरणांना पुढची तारीख मिळाली. पक्षकारांची तक्रार नव्हती. त्यांना फरक जाणवला नाही.) कामकाज साधं होतं. आधी न्यायमूर्तींनी एक वाक्य वाचायचं, त्याची नोंद व्हायची, मग सुनावणी. वाक्य मोठ्या अक्षरांत टाइप करून पुढे ठेवलेलं होतं: 'मला या प्रकरणातून काहीही नको आहे.'

धाकटीने कागद उचलला. कलत्या खुर्चीवरही ती सरळ बसली. 'मला' पर्यंत वाचलं आणि थांबली.

संघाच्या वकिलांनी धीर देणारी मान हलवली.

"मला," धाकटी पुन्हा म्हणाली, "मला पेन्शन हवी आहे."

लघुलेखकाचा हात थबकला. "मॅडम, हे... घ्यायचं?"

"घ्या. मला हवी आहे. मी तीस वर्षं काम केलंय, मला भाडं भरायचंय, आणि मला पुष्कळ जगायचंय. परिच्छेद चौदा काहीही म्हणो." मग तिने फाइल ओढली, त्यावर 'माझ्यासमोर नको' लिहिलं आणि उठली.

न्यायालयाच्या इतिहासात असा प्रकार पूर्वी घडलेला नव्हता. एका न्यायमूर्तीने, भर दालनात, जाणीवपूर्वक काहीतरी हवं असल्याचं सांगितलं होतं. अडतीस न्यायमूर्तींना, ज्यांनी हेच याचिकेत एकशेचार पानांत सांगितलं होतं, तीव्र दुःख झालं. अभिनंदनाचा ठराव मागे घेण्यात आला. वर्तमानपत्रांनी 'न्यायमूर्तींचा हव्यास' असा मथळा दिला. 'साध्वी' हे नाव रिकामं झालं. ते अद्याप कुणी मागितलेलं नाही. समिती पुन्हा बसली आहे. कायदा तूर्तास कायम आहे, म्हणजे धाकटीला पेन्शन मिळणार होती ती पाऊण नव्हे, अर्ध्या पगाराची. पण मिळणार होती.

ती घरी आली तेव्हा ताई खिडकीशी बसून कुणाच्या तरी झग्याला बटणं लावत होती. धाकटीने सगळं सांगितलं. लघुलेखकाची नक्कल केली, वकिलांचं उघडं तोंड करून दाखवलं. ताई पोट धरून हसली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

"आणि ऐक," धाकटी म्हणाली. तीस वर्षांत तिचा आवाज एवढा मोकळा कुणी ऐकला नव्हता. "आधी तुझे डोळे. मग तुला नवं मशीन. विजेवरचं. पाय मारायलाच नकोत. नव्या खोलीत खिडकीपाशी मांडू, आणि तू शीव हवं तेवढं!"

ही कल्पना वाचकांनाही एव्हाना मनापासून पसंत पडली असेल. अडतीस न्यायमूर्तींना हसून झालं की आपण सगळे असेच न्यायी असतो. ज्या माणसाने आपल्यासाठी जन्म एका जागी बसून काढला, त्याला तीच जागा जरा मऊ करून द्यावी, इतकं निर्विवाद बक्षीस आपल्याला दुसरं सुचत नाही. त्यासाठी समितीही लागत नाही.

ताईने सुई कापडात टोचून ठेवली. चष्मा काढला. बराच वेळ ती धाकटीकडे बघत राहिली, लहानपणी फी भरून आल्यावर बघायची तशी.

"धाकटे, आज तू एवढ्या लोकांसमोर बोललीस. मीही एक बोलू का? रागावायचं नाही."

"बोल की."

"मला शिवणकाम कधीच आवडलं नाही गं," ताई म्हणाली. "एक दिवससुद्धा नाही."