जाळ्यातले साहेब

साहेब जाळ्यात अडकले तेव्हा मावशींच्या दोन्ही हातांत पक्षी होते, त्यामुळे साहेबांकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

थंडी पडण्याआधी दूरदेशी निघालेले गाणारे पक्षी त्या सकाळी तळ्याकाठच्या झुडपांत उतरले होते. मावशी त्यांना बारीक जाळ्यात धरत, वजन करत, पायात नंबराची कडी घालत आणि सोडून देत. कडीवरून पक्षी पुढे कुठे पोचला ते कळतं. केस काळे होते तेव्हापासून हे बिनपगारी काम चाललं होतं. जाळ्यातून पक्षी सोडवून कापडी पिशव्यांत आणून द्यायचे काका, म्हणजे मावशींचे यजमान. हा माणूस बायकोपुढे आणि साहेबापुढे सारखाच नरम.

साहेब आले होते मावशींचं हे पक्षी-केंद्र बंद करायला. इथे वाहनतळ व्हायचा होता. "पाहणीत एकही पक्षी आढळला नाही," असं कचेरीतच टाइप करून आणलं होतं, फक्त सही बाकी होती. पण जाळं इतकं बारीक की डोळ्यांना दिसत नाही. साहेब तरातरा आले ते कोटाच्या बटणांसकट त्यात शिरले.

"अहो बाई, सोडवा मला!"

"फडफडू नका. आणखी गुंताल."

"अगं, साहेब आहेत ते," काका कुजबुजले.

"असू देत. आधी लहान जीव."

"कात्री आणा! कापा हे जाळं!"

"माझ्या जाळ्याला कात्री? लावून तर बघा! अख्खा हंगाम जायचाय अजून."

"कसला हंगाम? आजपासून हे बंद!"

"मग तर मुळीच कापत नाही."

एवढ्यात वटवट्या पक्ष्यांचा थवाच जाळ्यात आला. पिशव्या भरल्या, त्या टांगायच्या खुंट्या संपल्या. साहेबांचा एक हात मोकळा होता. मावशींनी त्याच्या पाची बोटांना पिशव्या अडकवल्या.

"हात हलवू नका, घाबरतात ते."

साहेबांची खुंटी झाली. कपाळावर माशी बसली तरी त्यांना हाकलता येईना.

शेवटचा वटवट्या कडी घालून उडाला, तेव्हा मावशी साहेबांकडे वळल्या. "कोट राहू द्या तिथंच. तुम्ही तेवढे बाहेर या." साहेब कसेबसे बाहेर निघाले.

"बघितलंत ना आता? न्या तो वाहनतळ दुसरीकडे."

"मी पाठमोरा अडकलो होतो," साहेब फणकारले. "मला काहीही दिसलेलं नाही!"

"आणि हातात होत्या त्या पिशव्या? त्यात काय भाजी होती?"

"तोंडं बांधलेली होती. आत काय होतं, मला काय माहीत!"

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ठोका कुलूप! उद्या कुलपासमोर बसून कड्या घालीन. कोण उठवतंय बघते!"

साहेबांनी सहीसाठी कागद काढला, पण पेन कोटात राहिलं होतं. तणतणत जाऊन त्यांनी लटकत्या कोटाच्या खिशात हात घातला आणि ते किंचाळले. खिशालगत नुकत्याच गुंतलेल्या पक्ष्यानं त्यांचं बोट चोचीत धरलं होतं. त्या पक्ष्याला खाटीक म्हणतात, आणि ते काही उगाच नाही.

"बाई! सोडवा! बोट गेलं माझं!"

मावशी धावल्या, पण काका आडवे आले. उभ्या जन्मात पहिल्यांदाच.

"थांब गं जरा. साहेब, पक्षी आढळला का?"

"आढळला! आढळला हो!"

"असं तोंडी नको," काका म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या पेनाचं टोपण काढलं. "डाव्या हातानं लिहिलंत तरी चालेल."