मुकादमाला कोण सांगतं?

आमच्या गल्लीत कुणाकडेही बारसं असलं की बिराजदार सर पाळण्यात वाकून आधी बाळाची बोटं मोजतात. "धाच्या धा. मुकादम जाग्यावर व्हता," असं म्हणून पेढा तोंडात टाकतात. आईबापाचं अभिनंदन वगैरे काही नाही. नव्या सुनांना वाटतं, मुकादम म्हणजे बाळाचे आजोबा.

सरांनी लातूरच्या क्लासमध्ये जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. आता निवृत्त होऊन ते माझ्या शेजारी राहतात. मी बँकेतला माणूस, मला जीव आहे एवढंच माझं जीवशास्त्र. तरी सकाळी दूध आणायला निघालो की ते मला फाटकात गाठतात.

"हे बगा. गर्भाच्या हरेक पेशीत जनुकं तीच. गडी समदे सारखेच. एक प्रोटीन जाऊन त्यांच्यावर बसतंय, त्यो मुकादम. तू लाग कामाला, तू थांब. तवा हृदय व्हतंय. दुसरीकडं दुसरा मुकादम, तितं मूत्रपिंड."

"पण मुकादमाला कोण सांगतं?"

"त्याच्यावरचा मुकादम."

"आणि त्याला?"

"तुमी लई घाई करायलात," म्हणत ते आत जातात. मी डोकं खाजवत, दूध न घेताच घरी येतो.

गेल्या सूर्यग्रहणात मी त्यांच्याकडे पेपर मागायला गेलो. सर विळीवर बसून वांगी चिरत होते. त्यांची बायको, आमच्या काकू, खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. साठीच्या बाईने गरोदर बाईसारखं ग्रहण पाळावं, याचं मला हसू आलं.

सरांनी वर न बघता सांगितलं, "आमच्या पैल्या लेकराच्या हृदयाला छिद्र व्हतं. नवव्या दिशी गेलं. माझी माय म्हनली, हिनं ग्रहणात वांगी चिरली. तवापास्नं ही अशी बसती."

इतकी वर्षं मी फाटकात जे ऐकत होतो, ते माझ्यासाठी नव्हतंच.

"मुकादम चुकला," सर काकूंना म्हणाले. "तू न्हाई."

काकूंनी माझाच प्रश्न विचारला. "मंग त्या मुकादमाला कोन सांगत व्हतं?"

सरांनी हातातलं वांगं विळीवर दुभागलं. मग म्हणाले, "मला ठाव न्हाई. पर विळी न्हाई सांगत."

बाहेर अजून ग्रहण सुटलं नव्हतं. काकू हळूच उठल्या, सरांच्या शेजारी खाली बसल्या.

"फोडी लई मोठ्या करायलात," त्या म्हणाल्या. "सरका तिकडं."