गिटारीत उमटलेले अप्पा

गिटारीला घरच्या घरी तेल चोळायचं असं हेरंबरावांनी ठरवलं, तेव्हा त्यात कुणाचं काही बिघडण्यासारखं नव्हतं. आठवडाभर साहेबाच्या हाताखाली कारकुनी करणाऱ्या माणसाला रविवारी निदान एका लाकडावर तरी हुकमत गाजवावीशी वाटतेच.

गिटार खोताच्या वाडीतल्या बस्त्यांवकडून आणलेली. जुनी, बिनतारांची, पोपडे धरलेली. ‘‘पयला रंग खरवडून काढ, मंग अळशीचा तेल हातान् चोळ, आनि बग मजा,’’ एवढं शास्त्र त्यानं सांगितलं होतं. दुर्गाबाईंनी मात्र बजावलं होतं, ‘‘दिवे लागायच्या आत ते खोकं ज्याचं त्याला नेऊन द्या. मामंजी असते तर उंबरठा ओलांडू दिला असता का?’’ (नसता. मामंजींनी, म्हणजे अप्पांनी, मुलाची बासरी बंबात घातली होती, आणि त्या पाण्यानं आंघोळही केली होती.)

तेलाचा पहिला हात फिरला आणि हेरंबराव गिटारीवर वाकले. मेल्यासारख्या करड्या लाकडातून मधाचा रंग वर येत होता. रेषांमागून रेषा उजळत होत्या. एवढं सगळं आत होतं आणि आपण त्याला खोकं म्हणू दिलं, या विचारानं त्यांना भरून आलं.

‘‘अगं, बघ तरी!’’

‘‘तेल समईचं नाही ना घेतलंत?’’ आतून उत्तर आलं.

जेवण झाल्यावर ते पुन्हा चोळायला बसले. उन्हं कलली तेव्हा त्यांच्या ओरडण्यानं सगळी चाळ दारात जमली. गिटारीच्या चिकट तेलात एक चेहरा उमटला होता! गाल, अर्धं नाक, एका बाजूची मिशी.

‘‘अप्पा!’’ हेरंबराव म्हणाले.

दुर्गाबाईंनी चटकन डोक्यावरून पदर घेतला आणि वाकून नमस्कार केला. शेजारच्या राधाबाई डोळे विस्फारून म्हणाल्या, ‘‘नाक अगदी त्यांचंच हो! आणि मिशीला खरे केस आहेत!’’ त्याही पाया पडल्या. मग सगळी चाळच पडली.

‘‘रागावलेत का हो?’’ हेरंबरावांनी घाबरत विचारलं. बासरीपासूनचं सारं आयुष्य त्या एका उत्तरावर अडून राहिलं होतं.

राधाबाईंनी मान तिरकी करून पाहिलं. ‘‘छे! हसतायत.’’

हेरंबरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दुर्गाबाई म्हणाल्या, ‘‘मामंजींनाच आवडली, तर मी कोण नाही म्हणणार? राहू दे घरात.’’

त्या निरांजन घेऊन आल्या. ओवाळता ओवाळता ज्योत गिटारीजवळ गेली आणि त्यांचा हात थांबला.

‘‘पण मामंजींच्या मिशा पांढऱ्याशुभ्र होत्या ना?’’

केस काळे कुळकुळीत होते. सगळ्यांनी आधी गिटारीकडे पाहिलं, मग हेरंबरावांकडे. त्यांचा डावा गाल तूप लावलेल्या पोळीसारखा चमकत होता, आणि त्या बाजूची मिशी बरीच विरळ झाली होती.

‘‘अगं बाई!’’ राधाबाई ओरडल्या. ‘‘म्हणजे आम्ही ह्यांच्या पाया पडलो?’’

दुर्गाबाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला.

‘‘दुपारभर खर्रखर्र ऐकू येत होतं. मला वाटलं, बिचारे लाकूड घासतायत. उचला ते खोकं!’’