बेलिफसाहेबांचा रविवार

बुलढाण्याहून बोथ्याच्या रानातून खामगावला जायला किती अंतर आहे, असं तुळशीरामजींना विचारलं तर ते कधी मैल सांगत नसत. डोळे मिटायचे, बोटांची पेरं मोजायची आणि म्हणायचे, "पाच उतरणं, दोन पाणी आन एक शिवी."

उतरणं म्हणजे सायकलवरून उतरून ती हाताने ढकलावी लागते असे चढ. पाणी म्हणजे थांबून पाणी प्यायच्या जागा. आणि शिवी म्हणजे असा चढ, की तिथे सभ्य माणसाच्या तोंडूनही ती आपोआप निघते. "राजूरचा घाट खालून वर चढायचा असंल तर तीन शिव्या धरा मास्तर," ते मला बजावत. "जेवून निघाले असाल तर चार."

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. रस्त्याकडेला मैलांच्या दगडांच्या जागी किलोमीटरचे दगड येत होते, आणि तुळशीरामजींचा त्यांच्यावर मनस्वी राग होता. "काल मोताळा बारा होतं. आज वीस करून ठेवलं! रस्ता तोच, घाट तोच, आन पाय माह्ये. सरकारचं काय जाते?"

मी साताऱ्याकडचा. बुलढाण्याच्या शाळेत नोकरी लागली म्हणून आलो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत बिऱ्हाड थाटलं. तुळशीरामजी कोर्टात बेलिफ होते. कोर्टाची समन्सं खेडोपाडी नेऊन ज्याची त्याला पोचवायची, सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि माणूस दार उघडत नसेल तर कागद दारावर चिकटवून यायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी कॅरिअरला खळीचा एक डबा कायमचा बांधलेला असे. पन्नाशीचा सडसडीत माणूस, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भावाचा भाजीचा मळा गावाबाहेर होता, तिथून रोजची भाजी येई. त्यातली निम्मी आमच्या घरी येऊ लागली, तेव्हापासून माझी बायको त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द ऐकून घेत नसे.

मी नवी सायकल घेतली, तेव्हा ती दाखवायला पहिल्यांदा त्यांच्याकडेच नेली. त्यांनी दोन चकरा मारल्या, चेन ओढून पाहिली, घंटी वाजवली आणि गंभीरपणे म्हणाले, "घंटी बरी हाये. बाकी शिकवावं लागंल."

"सायकलला?"

"मंग काय तुमाले? तुमी तर शिकेल आहात."

रविवारी कोर्ट बंद. इतर बेलिफ घरी पाय पसरून झोपत. तुळशीरामजी मात्र पहाटे उठून मळ्यात जात, भाजी खुडून पिशवीत भरत, अंगात पोपटी रंगाचं एक भयंकर स्वेटर चढवत आणि सायकल काढून रानाचा रस्ता धरत. ते स्वेटर ऐन चैत्रातसुद्धा उतरत नसे. मी एकदा न राहवून विचारलं.

"मास्तर, खाकी कपड्यातला बेलिफ दोन फर्लांगावरून ओळखू येते. बाया पोरं घेऊन घरात घुसतात. एका गड्यानं तर मले पाहून कडब्याच्या गंजीत उडी घेतली. मंग लोकाईले समजावं कसं, का आज मी सुट्टीवर हाये? म्हून हे स्वेटर." आणि शिवाय प्रत्येक गावाच्या शिवेवर ते घंटी वाजवून ओरडत, "आज कागद नाही बरं का! आज कागद नाही!"

मला हा सगळा प्रकार फार गमतीचा वाटे. शाळेत इतर शिक्षकांना मी त्यांची नक्कल करून दाखवत असे.

एका हिवाळ्यातल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं. साताऱ्याचा माणूस, घाट काय मला नवे? पहिल्या उतरणापर्यंत हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यानंतर बोलायला श्वास उरला नाही. तुळशीरामजी मात्र सगळ्या वाटभर बोलत होते. हा साग, हा सालई, या टेंभुर्णीखाली अस्वल बसते, घाबरू नका, सकाळी नाई बसत. शिवीचा चढ आला तेव्हा ते सौजन्याने मागे वळून म्हणाले, "द्या, मास्तर. इथं कोनी ऐकत नाई." मी दिली. खरोखरच बरं वाटलं.

बोथा मागे टाकल्यावर उताराला लागलो. थंड वारा, दोन्ही बाजूंनी रान, पायांना काम नाही. मी ब्रेक सोडून दिले आणि साताऱ्याचं नाव राखायला तुळशीरामजींच्या पुढे गेलो. वळणावर एक रोही, म्हणजे नीलगाईचा नर, झाडीतून निघाला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून माझ्याकडे पाहू लागला. घोड्याएवढं ते जनावर बाजूला होईना. मी घंटी वाजवली. घंटी खरंच चांगली होती, पण रोह्याला तिचं काही नव्हतं. मी सायकलसकट खडीत जाऊन पडलो.

गुडघा फाटला होता, मनगट सुजलं होतं. तुळशीरामजींनी आपला रुमाल फाडून गुडघ्याला बांधला, माझी सायकल झुडपात लपवली आणि मला कॅरिअरवर बसवून पुढच्या वस्तीवर नेलं. पंधरा-वीस घरं असतील. पहिलंच घर कुडाच्या कुंपणाचं, दारात शेणाचा ताजा सडा. मला वाटलं, ते हाक मारतील. ते बाभळीखाली थांबले. इतकी बडबड करणारा माणूस, त्याची घंटीसुद्धा वाजली नव्हती.

"मास्तर, तुमी एकलेच जा. पानी मागा, हळद मागा. माह्यं नाव घेऊ नका."

"का?"

त्यांनी दाराकडे बोट केलं. बंद दाराच्या फळीवर कागदाएवढा एक पांढरट चौकोन होता. "तो माह्या हातचा हाये. या घरच्या बाईचं दिराशी विहिरीचं भांडन होतं. हाका मारल्या, दार उघडलं नाई. आतून मानसाचा खोकला ऐकू येत होता मले. तरी खळ लावली आन चिकटवला. काम होतं न. दुसऱ्याच महिन्यात त्या बाईचा मालक गेला." त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. "जा तुमी. रक्त येऊन राह्यलं."

मी लंगडत गेलो, दार वाजवलं. साठीच्या एका बाईंनी ते उघडलं. त्या सुभद्राबाई. गुडघा पाहिल्याबरोबर त्यांनी काही न विचारता मला आत घेतलं, पाणी तापवलं, जखम धुतली, हळद भरली. मी ओरडलो तेव्हा म्हणाल्या, "मास्तर असून रडता काऊन?" मी मास्तर आहे हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

मग त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. बाभळीखाली पोपटी स्वेटर उभं होतं.

"त्याच्यासंगं आले तुमी?"

मी मान डोलावली.

"सालभर झालं, येऊन राह्यला तो. कुपाटीवर कधी वांगे, कधी मेथीची जुडी ठेवून जाते. बोलत नाई, चालत नाई. माह्या दिरानंच पाठवली असंल भाजी, मी काय समजत नाई? भांडन मिटलं, तरी त्याच्या मनात काय हाये कोनाले ठावं. मी हात नाई लावला. गाईले घातली सगळी."

"बाई," मी म्हणालो, "ती दिरानं पाठवलेली नाही. त्यांच्या भावाचा मळा आहे. पहाटे उठून ते स्वतः खुडतात. मी शेजारी राहतो, मी पाहतो ना."

"काऊन पन?"

कागद चिकटवताना आतला खोकला ऐकू आला होता, एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं होतं. मी तेवढंच सांगितलं.

सुभद्राबाईंनी चुलीपुढे बसून तव्यावर भाकरी टाकली. भाकरी करपली तेव्हा भानावर आल्या, ती उलटवली, पदराला हात पुसले आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

"ओ बेलिफ! उनात काऊन उभे? घरात या."

तुळशीरामजी दचकले. "कागद नाही, बाई! आज कागद नाही!"

"मी कागद मांगला का? जेवाले या म्हनून राह्यले."

ते सायकल बाभळीला टेकवून आले, पण उंबऱ्याशी अडकले. एवढ्या वर्षांत शे-दीडशे गावांतल्या दारांपुढे ते उभे राहिले असतील, पण आत या, बसा, हे त्यांना कोणी म्हटलं नसावं. कुठला पाय आधी टाकायचा हेच त्यांना समजेना. मग त्यांनी दाराच्या कोपऱ्यातला तांब्या उचलला, फाटक्या रुमालाचा उरलेला तुकडा भिजवला आणि उकिडवे बसून फळीवरचा तो पांढरा चौकोन घासू लागले. खळ मुरलेली होती. ते जोर लावून घासत होते.

सुभद्राबाईंनी आत दोन ताटं वाढली. तव्यावर ठेचा परतला. तरी ते घासतच होते.

"राहू द्या आता," त्या म्हणाल्या. "दार उघडं असलं म्हंजे रस्त्यावरून काई दिसत नाई."

त्यांनी दार पूर्ण मागे लोटलं आणि ते मागे राहावं म्हणून पाट्यावरचा वरवंटा त्याला लावून ठेवला. तुळशीरामजी उठले. चपला काढल्या, पोपटी स्वेटर काढून त्याची घडी केली, आणि ताटापुढे येऊन बसले.