तीनशे वेळा काढलेली ओळ

"श्यामे, उद्यापनाची पहिली ओटी कुणाची भरायची ते लिहून पाठवलंय बघ. सतराव्या सोमवारी आधी ते वाच, मग पुढचं."

आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा "हो गं, नक्की," म्हणून श्यामलाताई कुकरकडे वळल्या होत्या. आता आईला जाऊन तीन महिने झाले होते, सतरावा सोमवार उजाडला होता, आणि तो निरोप आईच्या रोजच्या सुप्रभातांत, आरत्यांत, काढ्यांत कुठेतरी बुडालेला. सकाळी पूजा झाली. ओटी भरल्याशिवाय मात्र घास घ्यायचा नव्हता.

त्यांच्या संगणकवाल्या मुलाने, उन्मेषने, आजीचे सगळे निरोप एका फाइलीत उतरवले. एक्केचाळीस हजार ओळी! 'पहिली ओटी' शोधून त्याने फक्त ओळीचा क्रमांक मागवला; तो लगेच मिळाला.

"आता ती बाहेर काढायची. तीन आज्ञा आहेत. सेडने काढू, ऑकने, की हेड-टेलने?"

"चिमट्याने काढ, पण काढ."

"अगं आई, यावरून कालच ऑफिसात वाद झालाय. कोणतं जलद ते बघूनच टाकतो. दोन मिनिटं!"

तिन्ही आज्ञा डोळ्याचं पातं लवायच्या आत संपल्या. फरकच कळेना. म्हणून त्याने त्याच फाइलीच्या पाचशे प्रती एकाखाली एक जोडल्या. डिस्क भरली, लॅपटॉप अडला. मग त्याने आपले गोव्याचे व्हिडिओ पुसले आणि प्रत्येक आज्ञा शंभर-शंभर वेळा चालवली. चार वाजले.

"सेड जिंकलं! फक्त ओळ मिळाली की थांब, असं सांगावं लागतं. नाहीतर बसतं शेवटपर्यंत वाचत."

"माझ्यापेक्षा बरं की मग," श्यामलाताई हळूच म्हणाल्या. "काय लिहिलंय आजीने?"

उन्मेष पडदा वर-खाली सरकवू लागला.

"तीनशे वेळा काढलीस ना?"

"काढली गं. पण पडद्यावर छापलं की मोजमाप बिघडतं. म्हणून निघेल तशी... टाकून देत होतो."

"माझ्या आईचे शब्द?"

आवाज चढला नाही, म्हणूनच उन्मेष घाबरला. घाईघाईने त्याने पुन्हा शोध लावला, तो नेमका त्या मोठ्या फाइलीवर.

'श्यामे, पहिली ओटी आभाची भर. तुझ्याकडे आले होते तेव्हा तिच्या मासळीवरून मी नको ते बोलले. तरी ती रोज जास्वंद आणून देत राहिली.'

आभा म्हणजे समोरच्या दारातली बंगाली शेजारीण, दोन वर्षांपूर्वी डमडमला राहायला गेलेली. खाली पुन्हा तेच, त्याखाली पुन्हा तेच. श्यामे, श्यामे, श्यामे. पाचशे वेळा.

"थांबवतो, थांबवतो!"

"नको रे. एकदा सांगून तिचं कधी भागलंय? बोलू दे तिला."

शेवटची ओळ सरेपर्यंत त्या पडद्यासमोर उभ्या होत्या. मग त्यांनी खण, नारळ, तांदूळ पिशवीत भरले.

"आई, आपल्या बेहाल्याहून डमडम म्हणजे शहराचं दुसरं टोक! उपाशीपोटी? उद्या जाऊ की."

श्यामलाताईंनी पायात चपला सरकवल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.