रुमाल असेपर्यंत उठवू नये

"झोपेचं काय घेऊन बसलात! मला दगडावर आडवा करा, उशाशी बँड लावा, दोन मिनिटांत घोरायला लागलो नाही तर नाव बदला!"

बाटल्यांच्या कारखान्यातल्या तपासनिसाने हे वाक्य सगळ्या खात्याला ऐकू जाईल अशा बेताने उच्चारलं आणि तिथेच त्याचे ग्रह फिरले. कारण सुपरवायझर नेमका मागे उभा होता. रात्रपाळीला माणूस मिळत नव्हता. जो तो आपली पाठ, आपलं पोट किंवा आपली सासू पुढे करून सुटका करून घेत होता. आणि इथे एक माणूस आपल्या पायांनी चालत येऊन पिंजऱ्यात बसला होता, वर हसतही होता!

"वा! मग सोमवारपासून तुम्ही रात्रीचे," सुपरवायझर म्हणाला.

काम तसं सोपं. पट्ट्यावरून बाटल्या येतात, त्यांच्या मागे पांढरा दिवा असतो. दिव्यासमोरून जाताना जिला तडा दिसेल ती उचलायची आणि पिंपात टाकायची. दिवसा हे काम करताना माणसाला कंटाळा येतो. रात्री करताना माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो. पहिल्याच आठवड्यात तपासनिसाच्या नाकासमोरून बिनगळ्याच्या बाटल्यांची आख्खी रांग ऐटीत निघून गेली. गिऱ्हाइकाने ती जशीच्या तशी परत पाठवली.

"पुन्हा असं झालं तर घरीच झोपायचं. कायमचं!" सुपरवायझरने सांगितलं.

आता दुसरा कुणी असता तर त्याने घरी येऊन सरळ कबूल केलं असतं की बाबांनो, मला दिवसा झोप येत नाही. पण हा पडला झोपेचा पैलवान! घरीदारी त्याने झोपेच्या एवढ्या बढाया मारल्या होत्या की आता माघार घेणं म्हणजे भर चौकात नाक कापून घेणं. मग दोष कुणाचा? अर्थात घरातल्या माणसांचा.

घरात माणसं तीन. एक बायको. तिच्या हातून भांडं खाली ठेवलं गेलं की ते शेजाऱ्यांना कळायचं. दुसरे वडील, म्हणजे आबा. त्यांचं आयुष्य बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेलं होतं आणि ते जेवताना मीठ मागायचे तरी "लक्ष द्या, लक्ष द्या" अशी सुरुवात करायचे. तिसरी मुलगी. शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत तिची टकळी चालू असायची, म्हणून तिचं नाव पडलं चिमणी.

"या घरात माणसाने झोपायचं कसं?" तपासनीस ओरडला. "नोकरी गेली तर खाणार काय? भांडी?"

नोकरीचं नाव निघाल्यावर घर हादरलं आणि कामाला लागलं. खिडक्यांना काळा कागद लागला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून हद्दपार झालं. फोन खोलीबाहेर. दाराच्या बिजागऱ्यांना तेल. बेलची वायरच काढली. कुकर शेजारच्या काकूंकडे जाऊन शिट्ट्या मारून परत येऊ लागला. आणि खोलीच्या दाराच्या कडीला एक लाल रुमाल आला. तो लटकत असला की बाबा झोपलेत.

या रुमालाचा नियम पुढे कडक झाला तो असा. एकदा तपासनिसाने सांगून ठेवलं, मला जेवायला उठवा. बायकोने उठवलं. तो त्या वेळी दोन तासांची तळमळ संपवून जेमतेम डोळा लागण्याच्या बेतात होता. मग काय विचारता!

"अहो, तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"मी सांगितलं होतं म्हणून? रुमाल दिसत नव्हता? आजपासून लक्षात ठेवा, रुमाल असेपर्यंत मला उठवायचं नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. मी स्वतः सांगितलं तरी नाही!"

बायकोने ताट झाकून ठेवलं. त्या दिवसापासून त्या घरात दिवसा कुणीच काही बोलेनासं झालं.

बोलायचं नाही तर मग करायचं काय? हातवारे! कान ओढला की चहा. दोन बोटं चालवली की बाहेर जाऊन येते. आबांनी पोटावरून हात फिरवला की भूक, आणि दोनदा फिरवला की कालचंच आहे का? चिमणी तर त्यात अशी काही तयार झाली की नुसत्या भुवया आणि खांदे हलवून शाळेतला आख्खा दिवस सांगायची. शेजारच्या काकू आल्या तरी चपला हातात घेऊन येत आणि खुर्चीत बसून हातांनीच कागाळ्या करत.

आणि आत, काळोखात, झोपेचा पैलवान टक्क जागा!

होय, टक्क जागा. आधी आवाजाने झोप येत नव्हती, आता शांततेने येईना. कानात शांतता अशी भरून राहायची की स्वतःचं गिळणं ऐकू यायचं. त्याला खरी झोप लागायची ती कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, खडखडणाऱ्या पट्ट्यामागे पुठ्ठ्यावर. तेवढ्यावर तो दिवस ढकलत होता. पण घरी हे सांगणार कोणत्या तोंडाने? तिघं त्याच्यासाठी जीभ गिळून बसली होती. संध्याकाळी तो आळोखेपिळोखे देत बाहेर यायचा आणि म्हणायचा, "काय झोप लागली म्हणून सांगू!" आणि तिघांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. ते पाहून त्याला आपलीच लाज वाटायची.

दुपारी कधी कधी तो उठून दाराच्या फटीला डोळा लावायचा. फटीतून एक खुर्ची, थोडी भिंत आणि कुणी तिथे आलंच तर ते, एवढंच दिसायचं. एकदा तिथे चिमणी उभी होती. तिने डोळे वटारले, गाल फुगवले, बोट नाचवलं आणि मग कमरेवर हात ठेवून असं काही फुरफुरली की बायकोने तोंडात पदर कोंबला आणि आबा खुर्चीतून घसरले. सगळं बिनआवाजाचं!

'मुख्याध्यापकीणबाईंची नक्कल दिसते,' तपासनीस मनात म्हणाला. 'बाई भलत्याच खाष्ट असणार.'

आणि मग त्याला एकदम वाटलं की आपणही बाहेर जाऊन बसावं. पण बाहेर गेलो तर ती हसायची थांबतील, हेही त्याला कळत होतं. तो परत जाऊन पडला.

असे दिवस चालले असताना चिमणीने एका संध्याकाळी, रुमाल उतरल्यावर, बातमी दिली. शाळेत मूकाभिनयाची स्पर्धा होती आणि ती अंतिम फेरीत गेली होती!

"बाबा, तू येशील ना? दुपारी आहे."

"येशील ना म्हणजे? पहिल्या रांगेत बसणार! विषय काय तुझा?"

"ते नाही सांगायचं. बघ तूच. पण नक्की ये हं. मागच्या वेळी तू झोपला होतास. त्याच्या मागच्या वेळीही."

"या वेळी येणार म्हणजे येणार. मला उठवा म्हणजे झालं!"

त्याने खरोखर मनावर घेतलं होतं. बाकी काही जमो न जमो, पोरीसमोर एकदा तरी जागं बसायचं. इस्त्रीचा शर्ट आदल्या दिवशीच खुंटीला लावून ठेवला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तो कारखान्यातून आला, खोलीत शिरला आणि दार लावता लावता हाताने आपोआप कडीला रुमाल अडकवला. हातच तो! रोजची सवय. डोक्याला त्याने विचारलंही नाही.

आत पडल्यावर नेहमीप्रमाणे झोप आलीच नाही. बराच वेळ गेला. किती, ते कसं कळणार? घड्याळ हद्दपार, फोन बाहेर, खिडकीला काळा कागद. तो उठला, अंधारात चाचपत शर्ट घातला, भांग पाडला आणि पलंगावर हात जोडून ताठ पडून राहिला. आता बायको येईल आणि हळूच हाक मारेल, मग आपण दचकल्याचं नाटक करायचं, की झोपेची इभ्रतही राहील आणि कार्यक्रमही गाठता येईल. बेत उत्तम होता!

बाहेर चिमटीएवढाही आवाज नव्हता. 'अजून वेळ आहे,' त्याने ठरवलं. 'निघायची वेळ झाली की काहीतरी हालचाल कानावर येईलच.' मध्ये एकदा फटीला डोळा लावून पाहिलं. खुर्ची होती, भिंत होती. स्वयंपाकघरात तयारी चालली असणार. काय शिस्त लागली आहे घराला! त्याला स्वतःचं कौतुक वाटलं.

प्रत्यक्षात बाहेर काय घडून गेलं होतं ते असं. बायको नवी साडी नेसून दाराशी आली होती. रुमाल पाहून थबकली होती. आबांनी मनगटावर बोट आपटून उशीर होतोय म्हणून खुणावलं होतं. बायकोने रुमालाकडे बोट दाखवून डोळे वटारले होते, गाल फुगवले होते. आबांनी मान डोलावली होती. आणि दोघंही चपला हातात घेऊन, कुलूपसुद्धा पदरात धरून लावून, निघून गेली होती. त्याने फटीला डोळा लावला तेव्हा दोघं शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसली होती, मधली खुर्ची रिकामी ठेवून!

तपासनीस पडून राहिला. शर्टाला घाम आला. मग पोटात कावळे ओरडायला लागले. तरीही तो पडून राहिला.

शेवटी एकदाचा आवाज आला. जिन्यावरून! हसण्याचा! बायको मोकळ्या गळ्याने हसत होती, आबा गर्जत होते, "पहिला क्रमांक! लक्ष द्या, पहिला क्रमांक!" आणि चिमणी अखंड चिवचिवत होती. कितीतरी महिन्यांत त्याने हा आवाज ऐकला नव्हता. तो आवाज वर वर आला, दारापर्यंत आला आणि दाराशी येऊन बंद पडला.

मग कुलूप उघडलं असावं. ऐकू आलं नाही.

तपासनिसाने खोलीचं दार उघडलं. समोर तिघं चपला हातात घेऊन उभी. चिमणीच्या एका हातात कप, पायांत त्याचाच जुना लेंगा, पोटाला उशी आणि ओठांवर काजळाची मिशी. त्याच्यासारखी. हुबेहूब!

म्हणजे मुख्याध्यापकीणबाई नव्हत्या त्या.

"मला उठवलं का नाही?" त्याने विचारलं.

"अहो, रुमाल होता!" बायको कुजबुजली.

"पण मी सांगितलं होतं!"

"तुम्ही स्वतः सांगितलं तरी उठवायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय ना?"

त्याने रुमालाकडे पाहिलं. मग स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "पण मी जागाच होतो!"

"आज?"

"रोजच. मला दिवसा झोप येत नाही. कधीच आली नाही."

आबांच्या हातातल्या चपला खाली पडल्या. मग आबांचा चेहरा तांबडालाल झाला.

"म्हणजे मी एवढे दिवस मुका राहिलो ते कशासाठी?" आबांनी बस स्टँडवरचा सगळा आवाज बाहेर काढला. "खुणा करून मीठ मागतोय मी! या वयात!"

"आणि माझा कुकर!" बायको कडाडली. तिने हातातली पर्स टेबलावर आपटली, तेवढ्याने समाधान होईना म्हणून स्वयंपाकघरात जाऊन एक परातही आपटली. "लोकांच्या घरी शिट्ट्या मारायला पाठवला मी तो! आणि हे आत जागे! कान देऊन पडलेले!"

चिमणी तेवढी रागावली नाही. तिने विचारलं, "म्हणजे बाबा, तुला यायचं होतं?"

"शर्ट बघ ना माझा," तो म्हणाला.

चिमणीने शर्ट पाहिला. मग नाक पुसलं, त्यात मिशी गालभर पसरली. "थांब. बस त्या खुर्चीत. आत्ता करून दाखवते. पण पूर्ण बघायचं!"

तो बसला. आता काही झालं तरी पाहायचंच! आबांनी सूड उगवल्यासारखी घोषणा केली, "लक्ष द्या, लक्ष द्या! मूकाभिनय, दिवसा झोपणारा माणूस!" आवाज ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या, चपला पायात घालून. बायकोने बेलची वायर परत जोडली आणि खात्री करायला चारदा वाजवली. कुकर गॅसवर चढला आणि स्वतःच्या घरात शिट्टी मारू लागला. चिमणी डोळे वटारून चालू लागली, रुमाल अडकवू लागली, उशी डोक्यावर दाबू लागली. काकू खिंकाळल्या. आबा मांडी बडवत होते. बायको हसतही होती आणि रागाने भांडीही लावत होती, एकेक आपटून.

घरभर नुसता खडखडाट! पट्ट्यामागे असतो तसा.

तपासनिसाने डोळे ताणले. गालाला चिमटा काढला. चिमणी बोट नाचवत होती ते त्याला दिसलं, ती फुरफुरली तेही दिसलं. पुढचं नाही दिसलं. महिनोन्‌महिने रुसलेली झोप त्या गदारोळातून चालत आली आणि त्याच्या मांडीवर येऊन बसली. तो घोरायला लागला.

चिमणी अर्ध्यात थांबली. सगळे थांबले. बायको त्याला हलवायला पुढे झाली, पण चिमणीने तिला अडवलं. दाराच्या कडीचा लाल रुमाल काढला आणि बाबांच्या शर्टाच्या वरच्या गुंडीला नीट अडकवला. मग नियमाप्रमाणे त्याला कुणीही उठवलं नाही. कामाची वेळ झाली तेव्हाही नाही.

कामावर न सांगता दांडी मारल्याबद्दल सुपरवायझरने नोकरीवरून काढलं नाही, एवढं नशीब. शिक्षा म्हणून रात्रपाळी कायमची करून टाकली.

चिमणीच्या मूकाभिनयाला आता बाहेरच्या शाळांतूनही बोलावणी येतात. तिने शेवट बदललाय म्हणे. खुर्चीत बसून घोरणारा बाबा आणि त्याच्या गुंडीला लाल रुमाल. त्या जागी लोक हसून हसून रडतात, काही नुसतेच रडतात, असं शेजारच्या काकू सांगतात. तपासनिसाने तो शेवट अजून पाहिलेला नाही. कार्यक्रम दुपारी असतो.