पूर्व-साहस पाहणी समितीचा गोराई दौरा

वाढत्या वयाच्या मुलींना मोकळ्या हवेची नितांत गरज असते, आणि ती हवा त्यांना सोसेल की नाही हे ठरवायला मोठ्या माणसांची. हे सत्य सगळीकडे मान्य असलं तरी त्यासाठी रीतसर समिती नेमणारा बोरिवली पश्चिमेचा आमचा नीलांबरी सहनिवास बहुधा एकटाच. मी नंदकुमार, त्या समितीचा चिटणीस. पुढचा सगळा मजकूर इतिवृत्तातून घेतला आहे. इतिवृत्त खोटं बोलत नाही (ते मीच लिहितो).

आमच्याकडे 'मुलींचे साहस मंडळ' आहे. सदस्य सात, वय तेरा ते पंधरा. तीन वर्षांत मंडळाने पुढील साहसे पार पाडली: पार्किंगमधून पक्षीनिरीक्षण (कबुतरे चौसष्ट, इतर पक्षी नाहीत); ए विंग ते डी विंग निसर्गभ्रमण, मध्ये बी विंगला सरबत; आणि क्लबहाउसमध्ये तंबू ठोकणे (फरशीला भोकं पडू नयेत म्हणून तंबू दोन काकांनी धरून ठेवला होता). अपघात शून्य. आनंद मोजण्याची पद्धत अजून ठरायची आहे.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एप्रिलच्या सुरुवातीला मुलींनी स्वतःच एक अर्ज दिला. अर्ज आणणारी माझीच मुलगी, दीप्ती. मागणी साधी होती. सकाळी होडीने खाडी ओलांडून गोराईला जायचं, मंडळातल्या जेनिसच्या पर्पेच्युआ आत्याच्या भाजीच्या मळ्यात चिंचेवर चढायचं, तीन दगडांची चूल मांडून अंडी उकडायची, चार वाजता परत. तारीख मात्र एकच चालणार होती, येणारा रविवार. कारण सोमवारपासून दीप्तीची दहावीची बॅच सुरू होत होती.

दहावी म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. टीव्हीचा आवाज बंद, पाहुणे बंद, सख्ख्या मावशीला 'यंदा मंगळागौर तुमच्याकडे करा' असा निरोप. दहावी संपली की अकरावी, मग बारावी, प्रवेशपरीक्षा, डिग्री, नोकरी, मग 'आता बघायला हवं हं' सुरू होतं. समितीच्या अंदाजाप्रमाणे दीप्तीचा यानंतरचा मोकळा रविवार वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पडत होता, तोही गुडघ्यांच्या परवानगीने.

अर्जावर सव्वातीन तास चर्चा झाली. अध्यक्ष चंद्रप्रकाश काका निवृत्त लिफ्ट-तपासनीस. त्यामुळे उंची या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. होडीला हरकत आली कारण खाली पाणी असतं. मळ्याला हरकत आली कारण तिथे माती असते आणि मातीत काहीही असू शकतं. झाडाला हरकत आली ती त्याला कठडा नसल्याने. अंड्यांना कोणाची हरकत नव्हती, फक्त डी विंगची होती. उपाध्यक्ष सुगंधाताई म्हणाल्या की मुलींना नाही म्हणू नये, त्यांचं मन मोडतं. आपण आधी पाहणी करू, आणि मुलींना दहावीनंतर पाठवू. पाहणीसाठी सगळ्यांना सोयीचा एकच दिवस निघाला, येणारा रविवार.

घरी आल्यावर दीप्तीने विचारलं, "म्हणजे तुम्ही जाणार आणि आम्ही नाही?"

मी तिला समजावलं की हे सगळं तुमच्याच भल्यासाठी आहे. ती "बरं" म्हणाली. पंधरा वर्षांची मुलगी इतक्या सहज 'बरं' म्हणाली की शहाण्या बापाने दाराला कडी घालावी. मला मात्र भरून आलं. रविवारी क्लासचं ओळख-लेक्चर आहे, नऊ ते चार, मंडळाच्या सातही जणींना बसू देणार आहेत, हेही तिने सांगितलं. तेराव्या वर्षीच दहावीची ओढ! मी हे समितीला कळवलं आणि समितीने अभिनंदनाचा ठराव केला.

रविवारी आम्ही अकरा जण निघालो. सोबत प्रथमोपचार पेट्या दोन, छत्र्या सहा, शिट्टी एक, आणि सुगंधाताईंच्या अळूवड्यांचे तीन डबे (नमुना-तपासणीसाठी). होडीच्या काठाला बसणं धोक्याचं आहे का, हे पाहायला सगळे आळीपाळीने काठाला बसले. पाण्यात हात घालणं धोक्याचं आहे का, म्हणून सगळ्यांनी हात घातले. मग एकमेकांवर पाणी उडवण्याचीही चाचणी झाली. चंद्रप्रकाश काका शिट्टी वाजवून 'थांबा' म्हणाले, आणि सुगंधाताईंनी त्यांना नखशिखांत भिजवलं. अहवालात 'लाटांचा मारा' अशी नोंद आहे.

पर्पेच्युआबाई साठीच्या, खणखणीत आवाजाच्या. आमच्या छत्र्या आणि पेट्या बघून त्यांनी कोण आजारी आहे ते विचारलं. आम्ही समितीचा उद्देश सांगितला. त्यांनी पदर तोंडाला लावला (ऊन फार होतं), चिंच दाखवली आणि बजावलं की विहिरीपलीकडे जाऊ नका, तिथं मिरची लावलीय. विहिरीपलीकडून धूर येत होता. पाला जाळतोय म्हणाल्या. त्या पाल्यातून खिदळल्याचा आवाजही येत होता, पण गावाकडचा पाला आम्हाला काय माहीत.

मग मुख्य तपासणी. झाड मुलींना चढण्याजोगं आहे का हे कागदावर ठरत नाही, असं म्हणून चंद्रप्रकाश काकांनी चपला काढल्या. पहिल्या बेचक्यापर्यंत ते झकास गेले. दुसऱ्या बेचक्यात, जमिनीपासून अंदाजे नऊ फुटांवर, त्यांनी खाली पाहिलं आणि फांदीला मिठी मारली. चाळीस वर्षं माणूस वर-खाली करत आला, पण बटण दाबून. आता खाली दहा जण होते आणि सूचना चौदा. कोणी छत्री धरली, कोणी अळूवडी वर फेकली.

पर्पेच्युआबाईंनी मिनिटभर हा सोहळा पाहिला. मग तोंडाभोवती हात धरून विहिरीकडे हाक मारली, "जेनिस, ये गं! आणि पोरींना पण आण."

तेव्हा घड्याळात अकरा चाळीस झाले होते. अकरा बेचाळीसला सात मुली आल्या. हातांना काजळी, केसांत पाला, आणि दीप्तीच्या गालाला अंड्याचं टरफल. ती एकदा माझ्याकडे बघून झाडावर गेली. माकडालाही लाज वाटेल अशी गेली. खरं सांगतो, मला अर्धी भीती वाटली आणि अर्धा अभिमान. बाकीच्या सहा जणी खालच्या फांद्यांवर ओळीने उभ्या राहिल्या.

"काका, खाली बघू नका, माझ्याकडे बघा," दीप्ती म्हणाली. "आता उजवा पाय. हा डावा. उजवा तुमचा दुसरा."

नऊ फूट उतरायला अकरा मिनिटं लागली. जमिनीवर टेकताच काकांनी चपला घातल्या, अध्यक्ष झाले, आणि बोरिवलीत क्लासला असलेल्या मुली दोन मिनिटांत खाडी ओलांडून कशा आल्या असं गंभीरपणे विचारलं. दीप्ती माझ्याकडे पाहत होती. एवढी लहान ती मला गेल्या पाच वर्षांत दिसली नव्हती.

"मी बोलावलं," मी म्हणालो. "फोन करून. होडी लगेच मिळाली."

काकांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, गुडघा चोळला आणि म्हणाले, नोंद करा.

त्यानंतर विहिरीपलीकडची मिरची पाहायला सगळेच गेलो. ती उकडलेली निघाली. डी विंगच्या प्रतिनिधींनी दोन खाल्ली, डोळे मिटून.

समितीचे निष्कर्ष एकमताने मंजूर झाले. झाड मुलींसाठी धोक्याचं आहे (चढलेल्या आठ जणांपैकी साडेबारा टक्के अडकले). मुलींचं साहस दहावीनंतर. अपुऱ्या माहितीमुळे समितीची दुसरी पाहणी पुढच्या महिन्यात, तिसरी दिवाळीत.

परतीच्या होडीत दीप्ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिच्या केसांना धुराचा वास येत होता. उद्यापासून दहावी, या विचाराने मला भडभडून आलं, आणि मी तो प्रकार 'खारा वारा' म्हणून नोंदवला.

आता तुम्ही म्हणाल, काय हा बाप! पोरगी थाप मारून खाडीपलीकडे जाते आणि हा इतिवृत्तात सारवासारव करतो. रास्त आहे. तुमच्या घरी असं चालत नसणार, याची मला खात्री आहे. फक्त एक तपशील अहवालात यायचा राहिला. झाडापाशी आल्या त्या सात जणी आमच्या. पण चुलीपाशी मी मोजल्या तेव्हा मुली तेवीस होत्या. मुलुंडच्या, घाटकोपरच्या, अंधेरीच्या. घरच्यांच्या माहितीप्रमाणे सगळ्या ओळख-लेक्चरला होत्या. त्यांतली एक भलतीच धीट, नंतर चिंचेच्या शेंड्यावरून तिने मला स्वतःचं नाव सांगितलं, आणि आडनाव तुमचं. काळजी नसावी. इतिवृत्तात घेतलेलं नाही.